गळपट्टा

माझा मुलगा गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि गेल्यानंतर तो भलताच शहाण्यासारखा बोलायला लागला. जिवंतपणी पिझ्झा मागवायचा म्हटलं तरी फोन माझ्या हातात देणारं ते पोरगं. आणि आता हार्लन क्रीकच्या बागेत, मे महिन्यात इथं हुतात्म्यांचा दिवस पाळतात त्या सोमवारी, ब्राँझच्या खांबातून अख्ख्या गावापुढं खणखणीत इंग्रजीत भाषण ठोकत होतं.

"पुन्हा संधी मिळाली तर मी पुन्हा जाईन," खांब म्हणाला. "मला क्षणभरही भीती वाटली नाही."

आवाज त्याचाच. 'र' म्हणताना जीभ जराशी घसरायची, तीसुद्धा तशीच घसरली. बँडवाल्यांनी टोप्या काढल्या, शेजारच्या बाई रुमालात तोंड घालून रडायला लागल्या. आमचे हे छाती काढून उभे. आणि मी मनात म्हणत होते, खोटारड्या! क्षणभरही भीती वाटली नाही म्हणे! तळघरात कोळी दिसला की सोफ्यावर चढून किंचाळणारा माझा हंबीर!

मी वैजयंती घोरपडे. मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर ओहायोतल्या या गावात आले ती इथलीच झाले. माजी सैनिकांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा खांदा निकामी, त्यांना पुन्हा चालवायचं, उठवायचं, वेळ पडली तर दमदाटी करायची. माझे यजमान, उदयसिंह, पुलांच्या तपासणीचं काम करतात. सासरे फौजेत सुभेदार होते, त्यांचे वडीलही फौजेत. त्यामुळं हंबीरनं अमेरिकेच्या सैन्यात नाव घातलं तेव्हा यांना आभाळ ठेंगणं झालं. पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटांवरून लढाई चालली होती, तिकडं तो गेला. आता घरात उरली धाकटी, संयोगिता. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, आणि दादा गेल्यापासून कशातच चित्त नसलेली. या मुलीला मला जपायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं, ना देवाकडं ना देशाकडं.

आमच्या घरात एक रीत आहे. कुणी लिहून ठेवलेली नाही, पण कुणी मोडतही नाही. फौजेत गेलेल्यानं भीती वाटली तर ती फक्त आईजवळ बोलायची. बापापुढं नाही, बायकोपुढं नाही, भावंडांपुढं तर मुळीच नाही. आणि आईनं ती ऐकून पोटात ठेवायची. माझे मोठे दीर बर्फातल्या चौकीवर होते तेव्हा सासूबाईंना काय काय लिहून कळवायचे, ते त्या माउलीनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. हंबीर वाढला इथं, फुटबॉल खेळत आणि चीजबर्गर खात, पण ही रीत त्यानं बिनबोभाट उचलली. बापाला फोन केला की, "ऑल गुड, बाबा." आणि मला मोबाइलवर मराठीत बोलून पाठवायचा. शेवटी नेहमी एकच वाक्य: "पोटात ठेव हं, आई."

ते सगळे निरोप माझ्याजवळ होते. कुणालाही ऐकवले नव्हते.

आता त्या यंत्राचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण मनात बोलतो ना, तेव्हा तोंड बंद असलं तरी घसा आणि जीभ गप्प बसत नाहीत. प्रत्येक शब्दागणिक तिथले स्नायू अगदी बारीक थरारतात. बाहेरून दिसत नाही, पण कातडीवर तार चिकटवली तर त्या थरथरीची वीज मोजता येते. आमच्या दवाखान्यात मी दंडाच्या, मांडीच्या स्नायूंची वीज रोज मोजते, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. सैन्यानं तोच प्रकार एका पट्ट्यात बसवला आणि तो प्रत्येकाच्या गळ्यात बांधला. शत्रूच्या नाकाखाली लपलेल्या पोरानं मनात नुसतं 'डावीकडं दोघं' म्हटलं की सोबत्याच्या कानात ते उमटायचं. कामाची चीज होती. पुष्कळ पोरं वाचली असतील तिच्यामुळं, उगाच नावं ठेवणार नाही.

पण मोहिमेवर असेतोवर पट्टा काढायचा नाही असा हुकूम होता, आणि पट्ट्याला काही कळायचं नाही की हे बोलणं कामाचं आणि हे आपलं मनातलं. तो सगळंच टिपायचा. घरची आठवण, साहेबाला दिलेली शिवी, पाठ केलेलं गाणं. वर्षानुवर्षं ते साठत गेलं. मग कुण्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं की एवढा साठा असेल तर माणूस गेल्यावरही तो पुढं काय बोलला असता याचा अंदाज यंत्राला बांधता येईल. आत्मा नव्हे हो, आठवणही नव्हे. अंदाज. एका शब्दापुढं कुठला शब्द येईल, त्याच्यापुढं कुठला. आवाज त्याचा, लकब त्याची. गावोगाव खांब उभे राहिले. आणि त्यासाठी राजधानीत ऑनर ऑफिस नावाचं एक नवं खातं निघालं.

एक खोट होती. पट्ट्याला फक्त इंग्रजी यायची. दुसऱ्या कुठल्या भाषेत कुणी मनात बोललं तर यंत्र त्यावर 'गोंगाट' असा शिक्का मारून ते बाजूला सारायचं. आणि माझा हंबीर घाबरायचा तो मराठीत.

नुसते खांब उभे राहिले असते तरी मी काही म्हटलं नसतं. पण त्यात राजकारण घुसलं. सिनेटर वेलँड नावाच्या एका गृहस्थांनी ठराव आणला की लढाई थांबवायची की वाढवायची हे ठरवण्याआधी हुतात्म्यांचं म्हणणं ऐकलं पाहिजे. ज्यांनी प्राण दिले त्यांना विचारायला नको का? ऐकायला किती छान! दोन्ही पक्षांनी बाजूनं हात वर केले. सैनिकांच्या विरोधात मत द्यायची कुणाची छाती? मग दर वर्षा-दोन वर्षांनी, मतदानाआधी, मेलेली पोरं वॉशिंग्टनच्या त्या मोठ्या दालनात एकामागून एक बोलायची, आणि सगळी म्हणायची, लढा. इंग्रजीत कुणी घाबरलं असेल तर ते कापून टाकत असणार. आणि जबरदस्तीनं भरती करायची सोय नव्हती, निवडणुकीत आपटले असते. म्हणून हे आवाज आपापल्या घरीही फोन करून सैन्यात बोलवायला लागले. भावाला, बहिणीला, चुलतभावाला.

आमच्याकडं फोन आला तो रविवारी, जेवताना. चिंगीनं उचलला. संयोगिताला घरात चिंगी म्हणतो आम्ही.

"संयोगिता, मी हंबीर," इंग्रजीत आवाज आला. "माझ्या शेजारी तुझ्यासाठी एक जागा आहे."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. हे उठून उभे राहिले, डोळे भरलेले. चिंगीनं मात्र फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि ठेवून दिला.

"हा दादा नाही," ती म्हणाली.

"अगं, आवाज त्याचाच आहे की," हे म्हणाले.

"बाबा, दादा मला संयोगिता म्हणाला होता का कधी जन्मात? आणि असा कुठं बोलायचा तो? हा बातम्या देणारा कुणीतरी आहे." तिनं वाटीतली आमटी संपवली आणि ताट उचलून गेली. माझी लेक वाचली होती, आणि ती त्या यंत्राच्या अडाणीपणानं वाचली होती. हे तेव्हा माझ्या डोक्यात नीट शिरलं असतं तर!

दवाखान्यात माझा एक जुना पेशंट आहे, लेरॉय टिब्स. वाळवंटातल्या एका जुन्या लढाईत डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. तिरसट म्हातारा, पण माझ्यावर जीव. त्याच्या नकली पायाची वरची वाटी सैल झाली होती, चालताना कातडी सोलायची. नवी वाटी मागवून कितीतरी महिने झाले होते. मी मलम लावत होते, त्यानं विचारलं, "तुझ्या मुलाचा खांब बसवायला किती दिवस लागले गं?"

"तीन आठवडे."

"बघ." तो हसला. "मेलेला सैनिक बरा असतो. अपॉइंटमेंट मागत नाही, वाटी मागत नाही, आणि सांगाल ते बोलतो."

"गप बस रे," मी म्हटलं. पण मला हसू आलं आणि रडूही आलं. मग मी त्याला सांगून टाकलं की मुलाचे मराठी निरोप माझ्याजवळ आहेत, त्यात तो खरंखुरं बोललाय, आणि वाटतं एकदा या सिनेटरांच्या तोंडावर फेकावं सगळं.

लेरॉयचं हसू गेलं. त्यानं माझं मनगट धरलं. "वाय-जे," तो मला असंच म्हणतो, "त्यांच्या हाती लागलं नाही, तेवढंच तुझ्या पोराचं तुझ्याकडं राहिलंय. ते देऊ नकोस कुणाला."

मी म्हटलं, तू तुझी वाटी सांभाळ.

मग कॅरल व्हिटकोम आली. ऑनर ऑफिसची बाई. पन्नाशीची, मऊ आवाजाची, हातात घरी भाजलेला पीचचा 'पाय', इकडचा तो फळं भरलेला गोड पदार्थ. मला वाटलं होतं कुणी कडक गणवेशातला येईल, तर ही माझ्या स्वयंपाकघरात बसून मसाल्याच्या डब्याचं कौतुक करत होती. चिंगी कॉलेजला गेलेली. हे समोर बसले होते.

"मिसेस घोरपडे, आमचं चुकलं," ती म्हणाली. "तुमच्या मुलाच्या साठ्यातला जवळजवळ निम्मा भाग आमच्या यंत्रानं गोंगाट म्हणून बाजूला ठेवला. तो गोंगाट नव्हता. ती तुमची भाषा होती. तुमचा अर्धाच मुलगा आम्ही तुम्हाला परत दिला."

अर्धाच मुलगा! तेच तर मी इतके दिवस मनात म्हणत होते.

तिनं समजावून सांगितलं. ती थरथर जशीच्या तशी जपून ठेवलेली आहे. फक्त उलगडायची कशी ते कळत नाही, कारण कुठल्या थरथरीचा कुठला शब्द हे जुळवायला त्याचं मोठ्यानं बोललेलं मराठी हवं. भरपूर हवं, मनापासून बोललेलं हवं. मग एकेक शब्द शेजारी शेजारी ठेवून यंत्र स्वतःच शिकतं. "त्यानं घरी काही बोलून पाठवलं असेल तर..."

"नाही," हे म्हणाले. "माझ्याशी तो इंग्रजीतच बोलायचा."

मी काही बोलले नाही. आणि माझं काही न बोलणं यांना बरोबर कळलं. इतक्या वर्षांचा संसार आहे.

"तुझ्याकडं आहेत?" यांनी मराठीत विचारलं. "काय बोलायचा तुझ्याशी? मला का नाही कधी..."

"रीत तुमच्याच घरची आहे," मी म्हटलं. "मी काय करू?"

व्हिटकोमबाई शहाणी. कॉफीचा कप घेऊन मागच्या अंगणात गेली. मी फोन काढला आणि एक निरोप यांना ऐकवला. वाऱ्याचा आवाज, आणि त्यात माझ्या लेकराचा आवाज: "आई, बाबांना सांगू नकोस. मला फार भीती वाटते गं. रसद आलेली नाही, आमच्या मागं कुणी नाही. साहेब म्हणतो बेट आपल्या ताब्यात आहे. कसला ताबा? आम्ही बारा जण आहोत आणि खेकडे आहेत. कशासाठी बसलोय इथं कुणाला माहीत नाही. पोटात ठेव हं, आई."

हे टेबलावर डोकं टेकून रडले. एवढा उंचापुरा माणूस, सुभेदाराचा मुलगा, मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. पाठीवरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं डोकं वर करून म्हणाले, "दे त्यांना. देऊन टाक. वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांना ऐकू दे माझा पोरगा कशाला घाबरला होता ते. आणि चिंगीलाही ऐकू दे. मग कधीच जायचं नाव काढणार नाही ती."

माझ्याही मनात तेच होतं. शिवाय आणखी एक होतं, ते यांना सांगितलं नाही. मला त्याच्या तोंडून एकदा 'आई' ऐकायचं होतं. जुनं नव्हे, फोनमधलं नव्हे. नवं.

मी व्हिटकोमबाईला आत बोलावून बजावलं, "देते. पण त्याची भीती कापायची नाही. एक शब्दही गाळायचा नाही."

"एकही नाही," ती म्हणाली. "लिहून देते." आणि खरंच लिहून दिलं. तिनं तो शब्द पाळला, हे मुद्दाम सांगते.

दीडेक महिन्यानं कोलंबस शहरातल्या त्यांच्या कचेरीत बोलावलं. छोटी खोली, गालिचा, मधे गोल टेबल, त्यावर पितळेचा ठोकळा. आम्ही तिघं गेलो. चिंगी यायला तयार नव्हती, मीच आग्रह केला. म्हटलं, तू एकदा ऐक तर, या वेळी तो खरं बोलेल. व्हिटकोमबाईनं दिवा मंद केला आणि कोपऱ्यात बसली.

"आई," ठोकळा म्हणाला. "जेवलीस का?"

काय सांगू तुम्हाला! मी मेले आणि जिवंत झाले. असंच विचारायचा तो, तिथं बेटावर उपाशी असला तरी. "जेवले रे राजा," मी म्हटलं. मला यंत्र, अंदाज, काही आठवेना.

"बाबा, तुमच्यापासून लपवलं. रागावू नका."

"नाही रे," हे म्हणाले.

"चिंगे, आहेस का?"

चिंगी ताठ बसली होती ती एकदम पुढं सरकली. तिनं विचारलं, "दादा, कोळी दिसला तर?"

ठोकळ्यातून हसू आलं. नाकातून सुरू होऊन घशात अडकणारं, हंबीरचं हसू. "सोफ्यावर. अजून."

"दादा!" म्हणून तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले. मी यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं. आता तो सांगेल, असं आम्हा दोघांना वाटत होतं. आता तो आमच्या पोरीला वाचवेल.

"चिंगे, मला फार भीती वाटते गं," तो म्हणाला. "आमच्या मागं कुणी नाही. आम्ही बाराच जण. एकटा पडलोय मी. तू असतीस तर बरं झालं असतं. तू ये ना. खरंच, ये."

यातलं प्रत्येक वाक्य मी ऐकलेलं होतं. 'एकटा पडलोय' हे पत्ते खेळताना सगळे त्याच्या विरुद्ध झाले तेव्हाचं. 'तू असतीस तर बरं झालं असतं' हे मला खेकड्यांची गंमत सांगतानाचं. 'तू ये ना' हे मला म्हटलेलं, त्याला हवाईत सुटी मिळणार होती तेव्हा. एकही शब्द खोटा नव्हता, एकही गाळलेला नव्हता. शब्द त्याचे होते आणि ते कुणापुढं, कुठल्या क्रमानं ठेवायचे हे या ऑफिसवाल्यांनी ठरवलं होतं. घाबरलेल्या पोराच्या तोंडून त्यांनी माझ्या पोरीला हाक मारली होती.

"बंद करा!" मी ओरडले. व्हिटकोमबाई हलली नाही.

"आई, थांब," चिंगी म्हणाली. तिचे गाल ओले होते. "बोलू दे त्याला."

"अगं, हे जोडलेलं आहे! तो तुला असं कधीच..."

"तूच म्हणालीस ना, या वेळी तो खरं बोलेल म्हणून?"

मी त्या ठोकळ्यापुढं वाकले. हात जोडले असतील बहुतेक, आठवत नाही. "हंबीर, बाळा, माझं ऐक. तिला सांग येऊ नकोस म्हणून. एवढं एकच सांग. आईची शपथ आहे तुला."

ठोकळ्यातून अगदी हळू, लहानपणी ताप आल्यावर बोलायचा तसं, तो म्हणाला, "पोटात ठेव हं, आई."

वॉशिंग्टनमध्येही तेच झालं. त्या दालनात माझ्या मुलाची भीती सगळ्यांनी ऐकली, शेजारी इंग्रजी भाषांतर. सिनेटर वेलँड उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा मुलगा एकटा होता. आपण त्याला एकटं सोडलं. पुन्हा एकाही मुलाला आपण एकटं सोडणार आहोत का?" सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आणखी सैन्य पाठवायचा ठराव मंजूर झाला. हे टीव्हीपुढून उठले आणि सुभेदारांचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवला.

चिंगीनं नाव घातलं ते आम्हाला न विचारता. मी भांडले, रडले, जेवण सोडलं, तिच्या कॉलेजातल्या बाईंना मधे घातलं. ती शांतपणे म्हणायची, "आई, तो घाबरलेला होता आणि आपण कुणी नव्हतो." तो घाबरलेला होता हे मीच सिद्ध करून दिलं होतं. दवाखान्यात लेरॉयला सांगितलं. तो नुसता माझा हात हातात घेऊन बसला. त्याची वाटी अजून आलेली नव्हती.

प्रशिक्षण संपवून, बेटांकडं रवाना व्हायच्या आधी ती दोन दिवस घरी आली. केस कापलेले, खांदे भरलेले, आणि गळ्यात काळा पट्टा. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "काढता येत नाही गं आता. नवीन आहे हा. आधीच्यापेक्षा हलका." मग जरा अभिमानानं, "याला मराठी येतं. दादामुळं. आमच्या तुकडीतल्या मारिसोलच्या पट्ट्याला स्पॅनिश येतं, आणि एकाच्या पट्ट्याला त्याची फिलिपिनो भाषा."

म्हणजे आणखीही आया होत्या. त्यांच्याही स्वयंपाकघरात पीचचा पाय गेला असणार.

निघायच्या दिवशी सकाळी मी ताम्हन घेतलं, निरांजन लावलं, कुंकू, अक्षता. सासूबाईंनी दिरांना ओवाळलं होतं, मी हंबीरला ओवाळलं होतं. चिंगी पाटावर बसली. तिला कुंकू लावताना माझ्या ओठांवर ते वाक्य आलं. आमच्या घरातली प्रत्येक आई या वेळी कानात ते सांगते: भीती वाटली तर फक्त मला सांग. मी तिच्या कानाशी वाकलेसुद्धा. पट्ट्यावरचा बारीक हिरवा दिवा माझ्या डोळ्यांपुढं आला.

मी सरळ उभी राहिले. "भ्यायचं नाही," मोठ्यानं म्हणाले. "घोरपड्यांची पोर आहेस तू."

चिंगीनं चमकून वर बघितलं. मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते. एक क्षण तिला काही कळेना, मग तिची नजर माझ्या नजरेमागून खाली गेली, स्वतःच्या गळ्याकडं. तिचा हात पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. तिला तेव्हा कळलं. पाटावर बसल्या बसल्या, कपाळावर ओलं कुंकू असताना कळलं. पण दारात गाडी उभी होती आणि कागदावर सही झालेली होती.

"नाही भिणार, आई," ती म्हणाली. तिनंही मोठ्यानंच म्हटलं.

आता तिचे निरोप येतात. "आई, मी मजेत. हवा छान आहे. बाबांना सांग." मीही कळवते, "आम्ही मजेत. गुलाबाला कळ्या आल्यात." दोघी अशा बोलतो, परक्याच्या घरात बसल्यासारख्या. घाबरायला आम्हाला आता भाषा उरलेली नाही. माझ्या आईनं मला दिली होती ती मी देऊन बसले.

परवा एक निरोप आला, त्यात ती काहीच बोलली नव्हती. नुसता श्वास. आधी संथ, मग जरा भरभर, मग बंद. मी तो कानाला लावून पुन्हा पुन्हा ऐकला. ती मला सांगत होती. रीतीप्रमाणं, फक्त मला, एक शब्दही न उच्चारता सांगत होती, आणि मला सगळं कळलं.

पण तोंड बंद ठेवून ती मनात बोलत होती. आणि गळ्यात पट्टा होता.

मी पोटात ठेवलंय. माझ्याआधी त्यांनी ऐकलंय.